खुराड्याची कडी लावलेली होती

भूत म्हणून जर काही असेल, तर त्यानं सगळ्यात आधी माझ्याकडे यायला हवं होतं. सत्त्याऐंशी वर्षांत मी इतक्या लोकांना छळलंय — सासूला, शेजारणींना, यांच्या शाळेतल्या तीन हेडमास्तरांना — की त्यातल्या एकानं तरी मेल्यावर येऊन माझी वेणी ओढायची होती. कोणी आलं नाही. त्यामुळे असलं काही नसतं, हे मी आजवर छातीठोकपणे सांगत आले. माझी नातसून या ग्रुपवरचे अनुभव रोज जेवण झाल्यावर मला वाचून दाखवते. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, विहिरीवरची बाई, चिंचेवरची बाई... मी तिला म्हटलं, ह्या सगळ्या बाया रिकामटेकड्याच मरतात का गं?

पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे. आजवर सांगितली नाही, कारण जिची ती होती ती बाई जिवंत होती. मागच्या पौषात ती गेली. आता सांगते. नातसून लिहून घेऊन राहिली आहे, मधे मधे ती मला "आजी, खरंच?" म्हणून थांबवते, ते मी गाळायला सांगितलं आहे.

गाव सौंसरहून लोधीखेड्याकडे जाताना रस्ता सोडून आत, कोसभर. नाव लिहीत नाही. पुतणे अजून त्याच घरात राहतात, आणि त्यांची पोरं उद्या मागच्या दारी जायला घाबरली तर फोन मलाच येतील.

साल सांगणं सोपं आहे. ज्या साली नागपूर आपल्या मध्य प्रदेशातून गेलं, ते साल. वैशाखात लग्न होऊन मी काटोलकडून इकडे आले तेव्हा माहेर-सासर एकाच राज्यात होतं. पहिल्या अखाडीला नवी नवरी माहेरी जाते, तशी मी गेले. दिवाळी करून परत येते तर मधे हद्द पडलेली — माहेर मुंबई राज्यात आणि सासर मध्य प्रदेशात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मला बैलगाडीतून उतरवताना म्हणाले, "आली का वं पोरी परदेशातून?" हे, म्हणजे माझे यजमान, सौंसरला मास्तर होते. शाळा मराठी राहते की हिंदी होते, या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. घरी यायचे ते शनिवारी संध्याकाळी. त्यामुळे या गोष्टीत ते नाहीत, आणि त्यांनी तसंही काही केलं नसतं.

त्या परतीच्या फेरीत माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली एक लोखंडी चाप होता. दात असलेला, पाय पडला की खटकन मिटणारा. नव्या नवऱ्या माहेराहून लाडू-अनारसे आणतात, मी हे आणलं. कारण आमच्या घरी पंचवीस कोंबड्या होत्या, माझ्या वडिलांनी त्यांच्यापायी मुंगूस, कोल्हा, रानमांजर सगळं धरलेलं, आणि ते पाहून पाहून मी स्वतःला कोंबड्यांची कलेक्टर समजत होते. वय सतरा. सातवी पास. अक्कल किती ते पुढे कळेलच.

आमची सांदवाडी, म्हणजे घरामागची मोकळी जागा, अशी होती. मागच्या दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला नहाणी. उजव्या हाताला खुराडं — मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे फळीचं दार, त्याला बाहेरून लोखंडी कडी. भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण, त्याच्यापलीकडे संत्र्याचा बगीचा. आणि सांदवाडीच्या पार टोकाला, कोपऱ्यात, काट्यांचाच एक ढीग.

तो ढीग कशाचा, हे तुम्हाला आताच सांगून टाकते.

माझी नणंद गिरजाबाई, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पांढुर्ण्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मी काटोलकडे असताना श्रावणात तिला मुलगी झाली आणि नऊ दिवसांची होऊन गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. गावात त्याची जागा नाल्याकाठी होती, पण नाला दोन दिवसांपासून दुथडी भरून वाहत होता. म्हणून मामाजींनी सांदवाडीच्या कोपऱ्यात खोदलं. गुडघाभर खोदलं नाही तोच खाली पाणी लागलं. खड्डा उथळच राहिला. वर मोठा दगड ठेवावा, तर सासूबाईंनी ठेवू दिला नाही — जड काही ठेवलं तर लेकरू पुन्हा त्याच कुशीत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग वर फक्त काट्या रचल्या.

आणि हे मला कोणी सांगितलं नाही. जिची कूस अजून उजवायची आहे अशा नव्या सुनेला ती जागा दाखवत नाहीत, तिच्यासमोर तिचं नावही काढत नाहीत. माझ्यापुढे सगळे एवढंच म्हणत, "लेकरू राह्यलं नाई." मी समजले, नाल्याकाठी असेल.

तर आता तुम्हाला माहीत आहे. मला नव्हतं. पुढचं वाचताना त्या सतरा वर्षांच्या शहाणीला काय म्हणायचं ते म्हणा. मी तर रोज म्हणते.

मी परत आले तेव्हा घरी पंधरा कोंबड्या होत्या. महिनाभरात त्या नऊ राहिल्या — आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. मसन्याऊद येऊन राहिला होता. लांबडं, काळपट, मांजरापेक्षा थोडं मोठं जनावर. मसणातलं उकरतं म्हणून मसन्याऊद. त्याच्या मागच्या पायांचे ठसे मी वडिलांच्या हाताखाली ओळखायला शिकले होते, आणि ते ठसे सांदवाडीत दर चार-सहा दिवसांनी उमटत होते. कुठून येतो तेही स्पष्ट होतं. कुंपणाला खुराड्याच्या बाजूनं हातभर रुंद खिंड होती. ती कोणी बुजवत नव्हतं! आणि वर कडी म्हणजे सासूबाई — त्यांना मी मामी म्हणायचे — रोज दिवस मावळताना एक कोंबडी खुराड्यात न घालता त्या खिंडीपाशी डालग्याखाली झाकून ठेवायच्या. बांबूचं हलकं डालगं. मसन्याऊदच काय, जोराचा वारा आला तरी उलटेल.

मला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. म्हातारी! मामी तेव्हा पंचेचाळीसच्या असतील. आज माझी धाकटी मुलगी त्याहून मोठी आहे.

"मामी, खिंड बुजवून टाकू का? बोराटीच्या दोन काट्या लागतील फक्त."

"राहू दे."

"आणि ही कोंबडी आत नाही का घालायची? रात्री जनावर..."

"खाऊ दे त्याले," मामी म्हणाल्या. "त्याचं पोट भरलेलं बरं."

"पण आमच्या इथं तर बापू..."

"तुह्या बापूचं तिकडं. थो आता मुंबईचा मानूस हाय," मामी म्हणाल्या, आणि डालग्यावर हात ठेवून क्षणभर तशाच बसल्या. मला राग आला. त्या हाताकडे मी नीट पाहिलं असतं तर...

त्यांचा हिशेब साधा होता, मला तो फार नंतर समजला. भरल्या पोटाचं जनावर उकरत नाही. खिंडीतून आत येईल, तिथंच कोंबडी सापडेल, उचलून तिथूनच परत जाईल. कोपऱ्यापर्यंत जाणार नाही. जमीन नीट बसेपर्यंत, वरची माती घट्ट होईपर्यंत त्या एक एक कोंबडी त्याला देऊन नातीची राखण करत होत्या.

आणि गिरजाबाई दिवसभर मागच्या उंबरठ्यावर बसून असायच्या. हातात वाती, वळायच्या म्हणून घेतलेल्या, पण वळत नसायच्या. नजर सांदवाडीच्या टोकाला. रडत नव्हत्या. बोलतही नव्हत्या फारसं. पांढुर्ण्याहून दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं. "जमीन बसू द्या," एवढंच त्या म्हणायच्या, आणि मी मनात म्हणायची, हिला कोणती शेती करायची आहे? जेवायला ताट पुढे आलं की आधी मामींना विचारायच्या, "माय, कोनी आलं नाई ना?"

"नाई बाई. कोनी हात नाई लावला. जेव."

मग दोन घास खायच्या. एखाद्या दिवशी मामी उत्तर द्यायला जागेवर नसल्या तर ताट तसंच राहायचं. हातांची हाडं दिसायला लागली होती. मला वाटायचं, ही कोंबड्यांचं विचारते. कोंबड्यांसाठी एवढं! आणि मी मनाशी ठरवलं की ह्या घराला मीच आता वळण लावते.

मार्गशीर्षात एका सोमवारी मामी आणि मामाजी जामसावळीला निघाले. मंगळवारी पहाटे हनुमानाचं दर्शन घ्यायचं, दुपारपर्यंत परत. गिरजाबाईंच्याच नावानं नवस होता, पण त्या उंबरठा सोडायला तयार नव्हत्या, शिवाय अंगात कणकण. म्हणून मी सोबतीला. गाडी जुंपल्यावर मामींनी मला बाजूला घेतलं.

"आयकून राहिली ना? सांजच्याले ते पांढरी तलंग डालग्याखाली ठेवजो. खिंडीले हात लावू नोको. अन् कोपऱ्यातल्या काट्याईले तर अजिबात नाई."

"काहून पण मामी?"

मामी बघत राहिल्या. सांगावं की नाही, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर येऊन गेलं. मग म्हणाल्या, "साप रायते तिथं." आणि गाडीत चढल्या.

साप! मी साप मारलेले होते. मला साप सांगून राहिल्या.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी मी पदर खोचला. गिरजाबाईंना काढा करून दिला, घोंगडी पांघरून आतल्या खोलीत निजवलं. कित्येक दिवसांनी त्या दुपारच्या झोपल्या. मी मागचं दार ओढून घेतलं आणि कामाला लागले.

खिंड बुजवायला काट्या हव्या होत्या. बगीच्यातून तोडून आणायचा आळस — कोपऱ्यात आयत्या पडल्या होत्या की! साप दिसतो का म्हणून आधी काठीनं ढवळलं. साप नव्हता. मग एक एक फांदी ओढत नेली. बोराटी ओढणं म्हणजे हातांची चाळण. दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताळले, पण मला काय त्याचं, मी तर पराक्रम करून राहिले होते. खाली थोडी खचलेली, मऊ माती होती आणि तिच्यावर एक पणती पालथी पडलेली. पणती मी उचलून नहाणीच्या भिंतीवर ठेवली. एवढं करूनही डोक्यात प्रकाश पडला नाही. पणती हातात होती माझ्या.

काट्या लावायची एक रीत असते. बुडखा आतल्या बाजूला, शेंडा बाहेर, म्हणजे जनावर घुसायला गेलं की टोचतं आणि फांदी त्याला ओढता येत नाही. मी घाईत उलट्या लावल्या. बुडखे बाहेर. जनावराला धरायला मुठी करून दिल्या म्हणा ना.

मग दिवस मावळायच्या आत नऊच्या नऊ खुराड्यात घातल्या. पांढरी तलंग, ती कोवळी कोंबडीसुद्धा. मोजल्या, कडी लावली, कडीत खुंटी घातली, फळीला बाहेरून पाटा टेकवला. दाराच्या पुढ्यात चाप मांडला आणि त्याच्याभोवती चुलीतली राख चाळून पसरली. ही आमच्या बापूंची युक्ती — राखेवर कोणी पाय ठेवला तरी सकाळी नाव-गाव कळतं. इतकी सपाट राख, की त्यावर बोटानं सही करावी असं वाटलं. केली नाही, तेवढंच नशीब.

गिरजाबाई उठल्या तेव्हा दिवे लागले होते. ताट पुढे ठेवलं तर त्यांनी विचारलं, "वेणू, कोनी आलं नाई ना?"

"नाही बाई. आणि यापुढे कोणी येणारच नाही," मी म्हटलं.

"तलंग ठेवली ना डालग्याखाली? मायनं सांगतलं तशी?"

"हो बाई. सगळं मामींनी सांगितलं तसंच केलं."

त्या चार घास जेवल्या. ताप होता, पुन्हा झोपल्या. मी त्यांच्या बाजूला अंथरूण टाकलं आणि घोरले. अनुभव सांगणाऱ्या लोकांना रात्रभर आवाज येतात, सावल्या दिसतात. मला काही दिसलं नाही. घर कोणी उचलून नेलं असतं तरी मला सकाळी कळलं असतं.

जाग आली ती कोंबड्याच्या बांगेनं. पडल्या पडल्या ऐकत होते, आणि काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. काय चुकतंय ते कळायला वेळ लागला. बांग उजवीकडून यायला हवी होती, खुराड्यातून. ती लांबून येत होती, सांदवाडीच्या टोकाकडून.

शेजारचं अंथरूण रिकामं. मागचं दार उघडं. फटफटत होतं, थंडी मरणाची, बगीच्यावर धुकं. गिरजाबाई नहाणीच्या भिंतीला धरून उभ्या होत्या, अनवाणी. मी बाहेर आले तरी त्यांनी मान वळवली नाही.

मी आधी खुराड्याकडे पाहिलं — सवय. कडी लावलेली. कडीत खुंटी. पाटा टेकवलेला होता तसाच. चाप उघडा, दात वासून, आणि त्याच्याभोवतीची राख सपाट. तिच्यावर काही नव्हतं. कोंबडीचा पाय नाही, माणसाचा नाही. मी खुंटी काढून दार उघडलं. आत अंधार, कोंबड्यांचा वास, आणि एकही कोंबडी नाही.

मग मी तिकडे पाहिलं.

कोपऱ्यात, जिथून मी काट्या काढल्या होत्या त्या उघड्या मातीवर, आठ कोंबड्या बसल्या होत्या. एकीला एक लागून, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला, पिसं फुलवून, पंख जमिनीला टेकवून पसरलेले. पिल्लांवर बसते तशी. मधे जमीन दिसत नव्हती. त्यातली एकही तेव्हा खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, नव्हती, हे मी शपथेवर सांगते. पांढऱ्या तलंगीनं तर अजून पहिलं अंडंही घातलेलं नव्हतं. कोंबडा बाजूला उभा होता. मला पाहून त्या उठल्या नाहीत, कलकलल्या नाहीत.

ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, अंधार पडला की कोंबडीला दिसत नाही. हातानं उचलून ठेवाल तिथं ती रात्रभर राहते. आपल्या पायानं ती सांदवाडी ओलांडून जाणार नाही.

मी जवळ गेले. कुंपणात माझी एक उलटी काटी बाहेर ओढलेली, तिथून जनावर शिरायला वाट झालेली. आणि कोंबड्यांभोवती ओल्या मातीत मसन्याऊदाचे ठसे. गोल. एक फेरा नाही, कितीतरी. ठशांवर ठसे. एका जागी नखांनी खरवडलेलं, बोटभर, आणि तिथंच थांबलेलं. त्या बाजूच्या दोन कोंबड्या मेलेल्या होत्या. मानेला चावा, रक्त सुकलेलं. त्यानं मारल्या आणि नेल्या नाहीत. त्या मेल्यावरही बसलेल्याच होत्या, पंख पसरून. पांढरी तलंग त्यातली एक.

"बाई," मी म्हटलं, "हे काय आहे हो?"

गिरजाबाई चालत आल्या. पाय दगडासारखे टाकत.

"काट्या कोनं काढल्या?"

"मी... खिंड बुजवायला..."

"वेणू," त्या म्हणाल्या, "तिथं माही पोरगी हाय."

खरं सांगते, इतकं आयुष्य गेलं, माणसं गेली, हे गेले, पण ते चार शब्द ऐकताना जसं झालं तसं पुन्हा कधी झालं नाही. मी माझ्या हातांकडे पाहिलं. पणती आठवली.

गिरजाबाई खाली बसल्या. एका कोंबडीच्या पंखाखाली त्यांनी हात घातला, हळू, मनगटापर्यंत. तळवा मातीवर ठेवला असावा. तसाच ठेवून राहिल्या. आजूबाजूला गवतावर दहिवर पांढरं पडलं होतं.

"गरम हाय वं," त्या म्हणाल्या. "वेणू, गरम हाय."

आणि रडल्या. श्रावणापासून पहिल्यांदा. असं रडणं मी ऐकलं नव्हतं, आणि मी तिथं उभी, मला बसताही येईना, निघून जाताही येईना. उन्हं आली तशा कोंबड्या एक एक करून उठल्या आणि दाणे शोधत निघून गेल्या, जणू काही झालंच नाही. दोन राहिल्या.

दुपारी मामी आल्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं झाडूनं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या खुराड्यापाशी गेल्या, कडी पाहिली, खुंटी हातात घेऊन पाहिली. राखेवर त्यांनी आपलं एक बोट टेकवलं, ते उमटलं, ते पाहिलं. माझ्याकडे आणि मग गिरजाबाईंकडे, दोघींकडे, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कोनापुढं बोलाचं नाई. तू नाई, अन् तू बी नाई." मामाजींनी काट्या परत आणून रचल्या, शेंडे बाहेर करून. मेलेल्या दोघींना शिजवायचा विषयच निघाला नाही. बगीच्यात एका झाडाखाली त्यांना पुरलं. चाप मामाजींनी घेतला, मी कधी विचारलं नाही कुठे टाकला. डालगं त्यानंतर मांडलं नाही, आणि मसन्याऊद पुन्हा सांदवाडीत आला नाही. माघात गिरजाबाई पांढुर्ण्याला गेल्या. पुढे त्यांना दोन मुलगे झाले. मुलगी झाली नाही. प्रत्येक बाळंतपणाला त्या माहेरी यायच्या तेव्हा मामी दाईच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

आता तुम्ही म्हणाल, आजी, यात काय न उलगडणारं आहे? गिरजाबाईंनीच केलं असेल. मीही तेच समजत होते. आजच्यासारखी तेव्हाही मी भुताखेताला मानत नव्हते. माझी खात्री होती की गिरजाबाई रात्री उठल्या, काट्या नाहीत हे त्यांनी पाहिलं, ताप असलेल्या अंगानं एक एक कोंबडी उचलून नेऊन लेकीवर बसवली. कडी पुन्हा लावली, राख पुन्हा पसरली. का पसरली, ते मी स्वतःला विचारलं नाही. वेड्या झालेल्या आईचं काय सांगावं. त्यांना विचारायची तर सोयच नव्हती. मामींनी तोंड बांधलेलं, आणि मला माझीच लाज. मामी गेल्या, मामाजी गेले, आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. लग्नाकार्यात भेटायचो, हळदीकुंकू, बारशी, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी. त्या पहाटेबद्दल एक अक्षर नाही.

मागच्या पौषात त्यांच्या मुलाचा फोन आला, आई तुमचं नाव घेते. मी पांढुर्ण्याला गेले. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन पलंगावर. नव्वदीची बाई, उशीत बुडालेली. सगळ्यांना बाहेर जा म्हणाल्या.

"वेणू, मायनं बोलू देल्लं नाई. नाईतर मी तुले कवाचीच म्हनली असती."

"काय हो बाई?"

"तू उपकार केले वं माह्यावर. चूक केली, अन् मंग अंधारात उठून, थंडीत, एक एक कोंबडी नेऊन ठेवली माह्या पोरीवर. मी झोपली होती तापात. बांग आयकून उठली त पाह्यलं." त्यांनी माझा हात शोधला. "तुहे हात पाह्यले ना मी त्या दिवशी. कोपरापर्यंत काटे रुतले होते. तवाच समजली."

ऊन पलंगावरून सरकत होतं. ते काटे दुपारचे होते. त्यांची लेक उघडी करतानाचे.

"तूच केलं ना?" त्यांनी विचारलं. "खरं सांग."

आयुष्यभर मी या बाईशी एकदाच खोटं बोलले होते — सगळं मामींनी सांगितलं तसंच केलं म्हणून. त्या दिवशी दुसऱ्यांदा बोलले.

"हो बाई," मी म्हटलं. "मीच."

"मले माईतच होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी गेल्या.

तर असं आहे. त्यांनी केलं नाही. मी केलं नाही. मामी आणि मामाजी जामसावळीला होते. कडी बाहेरून लावलेली होती आणि राखेवर काही नव्हतं. इथं शिकलेली माणसं पुष्कळ आहेत, कोणाला काही सुचलं तर खाली लिहा, नातसून वाचून दाखवेल. फक्त आईची माया वगैरे लिहू नका. आई तेव्हा तापात झोपली होती, हे तिनंच मला सांगितलं. मला स्वतःला काही सुचत नाही. एका मरणाऱ्या बाईनं ज्याच्यासाठी माझा हात धरला, ते काम दुसऱ्या कोणाचं तरी होतं, आणि ते कोणाचं, हे विचारायला आता माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही.